अकरावं भोक

मर्ल हॉकनबेरीचं पत्र येऊन पाच वर्षं झाली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. सात वेळा लिहिलं, पाठवलं एकदाही नाही. उभा जन्म शाळेच्या वाचनालयात काढलेल्या माणसाला स्वतःचं कुठलंच वाक्य पुरेसं बरं वाटत नाही, हे एक कारण. दुसरं कारण त्या पत्रातच होतं.

पत्र लहान होतं. "लोवेल, लेकीने गॅरेज आवरायला लावलं, त्यात हा कागद सापडला. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरच्या सामन्यात मी नेम धरला तो. भोकं अकरा आहेत, मोजून घे. दहांच्या कडा फाटक्या आहेत आणि एकाची कडा इतकी स्वच्छ, की ऑफिसातल्या पंचने पाडल्यासारखी. माझी काडतुसं तूच भरली होतीस, म्हणून तुलाच विचारतो. असं भोक कुठल्या गोळीने पडतं? इथे ॲरिझोनात सगळं ठीक. ऊन असं आहे की सरडेसुद्धा सावलीसाठी रांग लावतात. उत्तर दे. तुला वेळ लागणार हे ठाऊक आहे, घाई नाही. पण मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, एवढं लक्षात असू दे."

सोबत तो कागद होता, चार घड्यांचा. मी त्याची घडी उलगडली नाही. पत्रासकट एका जाड शब्दकोशात ठेवून दिला आणि तो शब्दकोश वापरायचं सोडलं.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या दरीत रायफल असणं म्हणजे घरात फावडं असण्यासारखं. पण त्यातही कागदावर नेम धरणाऱ्यांची जमात निराळी. आम्ही हरणांच्या मागे फारसे जात नाही. सिमेंटच्या टेबलाशी बसतो, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतो आणि शंभर यार्डांवरच्या कागदात दहा गोळ्या शक्यतो एकाच भोकातून घालायला बघतो. या जमातीला दुकानातली काडतुसं चालत नाहीत. झाडलेली पितळी पुंगळी उचलायची, घासायची, मापात आणायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सगळं आपल्या हाताने. इतर कुठल्याही उद्योगात शंकेखोर माणूस म्हणजे डोक्याला ताप. इथे त्याला काटेकोर म्हणतात. मी दारूचं प्रत्येक माप दोनदा तोलायचो, आणि मग तराजूच खोटा असेल तर, म्हणून तराजू तपासायचो. आयुष्यात एवढीच एक जागा मला सापडली जिथे माझ्या स्वभावाचं कौतुक झालं.

मर्ल दुधाचा टँकर चालवायचा आणि दर गुरुवारी दुपारी माझ्या तळघरात यायचा. पुंगळ्या मक्याच्या कणसांच्या भुग्यात घोळवून चकचकीत करणं हे त्याचं काम, भरणं माझं. दोघांच्या रायफली एकाच कारागिराने एकाच मापाने बनवलेल्या, त्यामुळे दोघांची काडतुसंही एकच. सामन्याला दोघांनी एकाच भरणीतलं वापरायचं, असं आमचं ठरलेलं होतं. दुसरा नियम असा की दारू ओतताना बोलायचं नाही. हा दुसरा नियम मर्लच्या जिवावर यायचा.

"लोवेल, ते दारूचे दाणे आहेत, बाळाचे दात नव्हेत. ओत की आता."

"मर्ल, बोलायचं नाही ठरलंय."

"बरं बाबा." मग तो गाल फुगवून श्वास रोखून बसायचा. चेहरा लाल होईपर्यंत. मी झाकण लावलं की एकदम सुटायचा. "तुझ्या वेगाने मी दूध पोचवलं असतं ना, तर गिऱ्हाइकांना चीज मिळालं असतं!"

त्या सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात मी एक छोटं हत्यार टपालाने मागवलं. गोळ्यांची अणकुचीदार टोकं तासून सगळी सारख्या उंचीची, किंचित सपाट करायचं हत्यार. गोळ्यांची टोकं मुळात थोडी उणीअधिक असतात. ती सारखी केली तर गोळी वाऱ्यात कमी हलते असं एका मासिकात वाचलं होतं. मर्लला सांगितलं तर तो महिनाभर हसला असता. म्हणून मी स्वयंपाकघराच्या टेबलावर एकट्याने काही गोळ्या तासल्या आणि चहाच्या डब्यात लपवल्या. सामन्याच्या आदल्या गुरुवारी मर्लला नेहमीच्या गोळ्यांची मोजून वीस काडतुसं दिली, दहा सरावाची आणि दहा सामन्याची. माझ्या खोक्यात मात्र तासलेल्या गोळ्यांची भरली. आधी आपण करून बघू, चांगली निघाली तर पुढच्या वेळी त्यालाही देऊ, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला पटवायला मला फारसे कष्ट पडत नाहीत. फक्त चांगल्या गोष्टी तेवढ्या पटत नाहीत.

सामन्यात मर्ल सात नंबरच्या टेबलावर होता. मी त्याच्या डावीकडे, सहावर. उजवीकडे आठवर त्या वर्षी नव्याने आमच्या नेमबाजी क्लबात आलेला क्लेअर डनमायर, धंद्याने प्लंबर. आठ गोळ्या झाल्यावर वाऱ्याची झेंडी बघायला मी मान वर काढली. पुन्हा रायफलीवरच्या दुर्बिणीत डोळा घातला, काळं वर्तुळ दिसलं, मधोमध भोकांचा पुंजका दिसला, चाप ओढला. मग बाजूच्या मोठ्या दुर्बिणीतून माझा कागद पाहिला तर त्यावर नवं भोक नव्हतं. मला वाटलं, गोळी आधीच्याच भोकातून गेली असणार. स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटायची संधी मला क्वचितच येते. मी ती घेतली आणि दहावी गोळी झाडली.

कागद तपासायचं काम आर्लीन फेटरॉल्फचं. अजूनही तिचंच आहे. ती पोस्टात होती, त्यामुळे कुणाचंही अक्षर आणि कुणाचीही सबब तिला लगेच वाचता येते.

"लोवेल, भोकं नऊच आहेत. पण हे मधलं हत्तीच्या पावलाएवढं झालंय, यातून दोन जाऊ शकतात. दहा झाडल्यास ना?"

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग शंभरपैकी शंभर. चहा घे, रंग उडालाय तुझा."

मर्लच्या कागदावर अकरा भोकं निघाली. दहा गोळ्या दहाच्या वर्तुळात, एक नऊच्या. क्लेअरच्या कागदावर नऊ होती, कागदभर विखुरलेली. आपल्या दहाव्या गोळीचं काय झालं हे त्याला सांगता येईना. सगळ्यांना हिशेब लागला. आपला समजून शेजाऱ्याच्या कागदावर झाडलेल्या गोळीला आमच्याकडे आडवी गोळी म्हणतात. आमच्या जमातीत यापेक्षा मोठी फजिती नाही. नेम चुकला तर वाऱ्यावर ढकलता येतं. आडव्या गोळीत वाऱ्याची काही चूक नसते.

आर्लीनने नियम वाचला. "मर्ल, एकतर कमी गुणांच्या दहा धरते, म्हणजे नव्व्याण्णव. नाहीतर तू नवीन दहा झाड."

"कशाने झाडू? लोवेलने मोजून वीस दिली होती, संपली. सूप गार होतंय, नव्व्याण्णव लिही."

माझ्या खोक्यात सव्वीस काडतुसं शिल्लक होती. ती मर्लच्या रायफलीत बसली असती. पण ती पुढे केली असती तर त्याने टोकं पाहिली असती. मी खोक्याचं झाकण लावलं आणि सूप घ्यायला गेलो.

अशी त्या शरद ऋतूतल्या सामन्याच्या बक्षिसाची डुकराची धुरावलेली मांडी मी जिंकली, एका गुणाने. क्लबातल्या विजेत्यांच्या लाकडी फळीवर माझं नाव लागलं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. पुढच्या रविवारी मी ती मांडी तिथेच कापून सगळ्यांना वाढली. आणि क्लेअर डनमायरला नाव पडलं, 'शेजारी'. बावीस वर्षं तो क्लबात आला की कुणीतरी विचारायचंच, "काय शेजारी, आज कुणाकडे?"

ती गोळी माझी होती का? मला माहीत नव्हतं, असं मी मानत आलो. शंकेचा मला पहिल्यांदाच फायदा होत होता.

मर्ल बायको गेल्यावर लेकीकडे ॲरिझोनाला गेला, तिथून ते पत्र आलं, ते शब्दकोशात गेलं. कदाचित आजही तिथेच असतं. पण या एप्रिलमध्ये आर्लीनचा फोन आला.

"क्लबाला साठ वर्षं होतायत, शनिवारी दुपारी जेवण आहे. शेजाऱ्याला एक गमतीचं बक्षीस द्यायचंय. मी लाकडी बाण करून घेतलाय, वर लिहिलंय 'तुझा निशाणा इकडे'. देताना वाचायला चार ओळी हव्यात. चांगली टर उडव त्याची."

"मी? आर्लीन, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"बोलू नकोस, वाच. इतकी वर्षं पुस्तकांत बसून काय अंडी उबवलीस?"

मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

काही मजकूर मिळावा म्हणून मी क्लेअरकडे गेलो. तो गॅरेजात पुंगळ्या मापत बसला होता. मी का आलो हे त्याला सांगायची गरजच पडली नाही.

"माझ्यावर लिहितोयस ना? आर्लीनच्या पोटात काही राहत नाही." त्याने माझ्यासाठी बादली उपडी केली. "बस. बिटाच्या रसातली अंडी आहेत, खाणार?"

"नको. क्लेअर, तुला... राग नाही येत?"

"पहिली दोन वर्षं यायचा. मला तेव्हा शपथेवर वाटायचं, ती माझी नव्हती. माझी एक कागदाबाहेर गेली होती, मातीत उडालेली मी पाहिली होती. पण सगळे म्हणतात म्हटल्यावर माणसाला वाटायला लागतं. आता तर मला ती झाडल्याचं आठवतंसुद्धा." तो हसला. "मी कायम एक नंबरचं टेबल का मागतो माहितीय? एका बाजूला भिंत असते. आणि चाप ओढायच्या आधी दर वेळी बोट करून मोजतो, हा माझा, हा माझा नाही. दर गोळीला. वेळ संपतो, दोन गोळ्या राहून जातात. म्हणून तर कधी जिंकलो नाही."

मी अंडं मागून घेतलं. हाताला काहीतरी हवं होतं.

"मर्ल विचारत होता तुझं," क्लेअर म्हणाला.

"मर्ल? कधी?"

"दर नाताळात फोन करतो मी त्याला. दर वेळी एकच प्रश्न. लोवेल गेला का? मी म्हणतो, नाही, कालच पाहिला. तो म्हणतो, मग अजून मसुदा चालू असेल."

घरी येऊन मी शब्दकोश काढला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा कागदाची घडी उलगडली. नऊच्या वर्तुळात ते एकटं भोक होतं. भिंगाखाली धरलं. मर्ल म्हणाला होता तसंच, पंचने पाडल्यासारखं. तरी मी म्हटलं, ओलीने कागद बदलला असेल. ॲरिझोनात कसली ओल, पण म्हटलं.

चहाच्या डब्यात तासलेल्या नऊ गोळ्या उरल्या होत्या. मी चार काडतुसं भरली, दोन अणकुचीदार गोळ्यांची, दोन तासलेल्या. मंगळवारी सकाळी क्लबाच्या मैदानावर कुणी नव्हतं. नवा कागद लावला, वर अणकुचीदार, खाली तासलेल्या अशा चार कोपऱ्यांत चार गोळ्या झाडल्या आणि चालत जाऊन पाहिलं. वरच्या दोन भोकांच्या कडा फाटलेल्या होत्या. खालची दोन स्वच्छ होती. मर्लचा जुना कागद मी शेजारी धरला. शंकेला कुठेच जागा राहिली नाही, आणि मला एकदम फार एकटं वाटलं. इतकी वर्षं सोबतीला शंका तरी होती.

शनिवारी चाळीस माणसं होती. घेवड्याचं सूप, बटाट्याचं सॅलड, तीन प्रकारचे केक. आर्लीनने चमच्याने पेला वाजवला. "आता लोवेल वाचेल. हळू बोलतो तो, तेव्हा चावणं थांबवा."

मी उठलो. वाचायला लागलो.

"हा बाण अशा सभासदाला, ज्याने शंभर यार्डांवरच्या शेजाऱ्याच्या घरी न बोलावता गोळी पोचवली."

हशा झाला. "शेजारी, ऊठ!" कुणीतरी ओरडलं. क्लेअर तोंड पुसत अर्धवट उठला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने आधीच हसू चढवून ठेवलं होतं.

"त्याने ही कामगिरी केली, शंभरपैकी शंभर गुण मिळवले, मांडी जिंकली, आणि बावीस वर्षं गप्प राहिला. सभासदाचं नाव लोवेल स्टॅमबॉ."

कुणी हसलं नाही. आर्लीन म्हणाली, "लोवेल, चुकीची ओळ वाचलीस का?"

"नाही. पुढे आहे अजून." मी पुढचं वाचलं. तासलेली टोकं, चहाचा डबा, भोकाची कडा. मागून कोणीतरी म्हणालं, "टोकं तासत होता? स्वयंपाकघरात?" आणि थोडं हसू आलं. मग मी सव्वीस काडतुसांचं वाचलं.

"म्हणजे मर्लला पुन्हा झाडता आलं असतं?" आर्लीनने विचारलं.

"हो."

"आणि तू दिली नाहीस."

"नाही दिली."

इथे मात्र कुणी हसलं नाही. आडवी गोळी कुणाकडूनही सुटते. काडतुसं उसनी मागायची वेळ येऊ न देता पुढे करणं, ही आमच्याकडे साधी रीत आहे. नवशिक्यालासुद्धा ती माहीत असते. मी कागदाची घडी घातली. ती नीट बसेना.

क्लेअर अजून अर्धवट उभाच होता. तो पूर्ण उभा राहिला. "बावीस वर्षं, लोवेल! बावीस वर्षं मी शाळेतल्या पोरासारखा बोटं करून मोजतोय! आणि ती मांडी! मर्लची माफी मागत मागत खाल्ली होती मी ती. घास उतरत नव्हता घशाखाली, आणि तू वर विचारत होतास, अजून वाढू का!"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "आठवतंय."

क्लेअरने खुर्ची मागे सारली. मग आर्लीनच्या हातातून बाण घेऊन आला आणि त्याची दोरी माझ्या गळ्यात अडकवली. जरा जोरातच. "बटाट्याचं सॅलड मी आणतो तुला. आज तू वाढायचं नाहीस."

मग लोक बोलायला लागले. कुणीतरी विचारलं, चहाला अजून गोळ्यांच्या तांब्याची चव येते का? आर्लीन नियमांची वही घेऊन आली. मी म्हणालो, फळीवरचं माझं नाव काढून मर्लचं लावा.

"नाही लावता येत. हरकत निकालानंतर अर्ध्या तासात घ्यायची असते."

"आर्लीन, पण ते खोटं आहे."

"खोटं आहे आणि राहणार आहे. दर वेळी आत येताना वाच." तिने वही मिटली. "मर्लला कळवलंस?"

"पत्र लिहितो."

"लिहिशील रे," क्लेअर सॅलडची बशी ठेवत म्हणाला, "टाकशील कधी? सोमवारी नऊला येतो मी. गाडीत बसून बघणार. आणि फोनवर मी सांगणार नाही त्याला, हे तुझ्याकडूनच कळायला हवं."

रविवारी मी आठव्यांदा लिहायला बसलो. आधीच्या सातही मसुद्यांत वारा होता, प्रकाश होता, स्मृतीचा भरवसा नसतो असं बरंच काही होतं. एकात तर दोन पानं नुसती मासिकातल्या त्या लेखावर होती. ते सगळं बाजूला ठेवलं.

"मर्ल, असं भोक टोक तासलेल्या गोळीने पडतं. तासलेल्या गोळ्या फक्त माझ्याकडे होत्या. मी त्या तुझ्यापासून लपवल्या, त्यातली एक तुझ्या कागदावर झाडली, आणि तुला काडतुसं हवी होती तेव्हा खोक्याचं झाकण लावलं. तुझे शंभर होते. क्लेअरला सांगितलं आहे. क्लबात सगळ्यांना सांगितलं आहे. आर्लीन फळी बदलायला तयार नाही. तुझा कागद परत पाठवतो आहे, तो तुझा आहे. उशीर झाला. लोवेल."

सोमवारी क्लेअर नवाला पाच कमी असतानाच दारात होता. वाटेत त्याने एवढंच विचारलं, "काही फायदा झाला का रे त्या तासण्याचा?"

"नाही. काहीच फरक नाही. मी नंतर मापून पाहिलं."

"मापून पाहिलंस म्हणे," तो म्हणाला, आणि पोस्टापर्यंत एकटाच हसत राहिला.

पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीपाशी मी उतरलो. पत्त्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवली, तिकिटं दोन लावली होती, पुरेशी होती. पाकीट आत सोडलं, झाकण आपटलं. मग ते कुठे अडकलं तर नाही ना, म्हणून मी झाकण पुन्हा उघडून आत वाकून पाहिलं.

मागून क्लेअरने भोंगा दाबला. "पडलं, लोवेल! मी पाहिलं इथून. ये आता!"